जुलैत इन्फ्लुएंझाचा न्यूमोनिया झाला, आता ४ महिन्यांनी स्पायरोमेट्री नॉर्मल आहे, तरी पणजीतल्या आल्तिनोचा चढ चढताना धाप लागते. फुफ्फुस कायमचं बिघडलं का?

एवढ्यावरून कायमचं बिघडलं असं म्हणता येत नाही. पण स्पायरोमेट्री नॉर्मल आली म्हणून फुफ्फुस पूर्ववत झालं, असंही धरू नका. त्या चाचणीत हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते एवढंच कळतं. विषाणूचा मार बसतो तो वायुकोशांच्या पातळ भिंतींवर. तिथून प्राणवायू रक्तात नीट उतरतो का, हे पाहायला डीएलसीओ चाचणी लागते आणि अशा न्यूमोनियानंतर बहुधा तीच सर्वात उशिरा सुधारते.

डीएलसीओमध्ये ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा एका दमात आत घेऊन १० सेकंद श्वास धरायचा असतो. त्या दिवशी सिगारेट अजिबात नको, आकडा खोटा कमी येतो. रक्त कमी असेल तरी तो कमी येतो, म्हणून हिमोग्लोबिन तपासून त्याप्रमाणे दुरुस्त केलेलाच आकडा मागा. साध्या स्पायरोमेट्रीच्या यंत्रावर ही चाचणी होत नाही. तेव्हा गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जा की खाजगीत, सोय आहे का ते आधी विचारून घ्या.

सोबत ६ मिनिटं चालण्याची चाचणी करून घ्या. बसल्या जागी ९७ आणि चालल्यावर ९० असा ऑक्सिजन उतरत असेल, तर दोष फक्त अशक्तपणाचा नाही. ४ किंवा त्याहून जास्त अंकांची घसरण डॉक्टरांना दाखवावीच. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढा, बोट गरम ठेवा.

डीएलसीओ कमी आणि फुफ्फुसाची क्षमताही (आत एकूण हवा मावते ती) कमी असेल तर एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन हवा. त्यात ऑर्गनायझिंग न्यूमोनिया (आजारानंतर फुफ्फुसात रेंगाळलेली सूज) दिसला तर स्टिरॉइडने बराच फरक पडतो. व्रण पडून आकसलेला भाग मात्र स्टिरॉइडने भरून येत नाही. म्हणून स्कॅन न बघता 'सूज असेल' म्हणून महिनोन्महिने गोळ्या घेणं मला पटत नाही. क्षमता नॉर्मल आणि फक्त डीएलसीओ कमी असेल, तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत गुठळी नाही ना, हे बघायलाच हवं. सगळंच नॉर्मल आलं तर बहुधा पायांचे आणि श्वासाचे स्नायू खचलेले असतात. अंथरुणात पडून राहिल्यावर हे फार होतं.

सुधारणा पहिल्या ६ महिन्यांत जास्त होते आणि वर्षभर, कधी त्यानंतरही चालू राहते. फुगे फुगवण्यावर किंवा तीन चेंडूंच्या श्वासाच्या यंत्रावर भिस्त ठेवू नका, चालणं जास्त कामाचं. मिरामारच्या वाळूत नको, कांपालच्या सपाट वाटेवर चाला. १० मिनिटं, दिवसातून दोनदा. वाक्य पूर्ण बोलता येईल इतकाच दम लागू द्या आणि ऑक्सिजन ९० च्या खाली जाऊ लागला की थांबा. दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटं वाढवत ३० पर्यंत न्या. खुर्चीतून हात न टेकता १० वेळा उठबस, असे दोन फेरे. हे किमान ६ ते ८ आठवडे. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर जाळतात त्याचा धूर आणि भिंतींवरची पावसाळी बुरशी, दोन्हींपासून लांब राहा. फ्लूची लस दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी घ्या. न्यूमोकॉकलच्या लशीबद्दलही विचारा.

खोकल्यातून रक्त, एका पायाला सूज, अचानक वाढलेला दम किंवा छातीत कळ यांपैकी काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जा.