सव्वा फूट मातीचं भांडण

पारोळा तालुक्यातल्या ताई,

तुमचं चार पानी पत्र आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) आठ दिवसांनी आलं. ते वाचकांसाठी थोडक्यात सांगते. शेतातलं आजेसासऱ्यांच्या वेळचं पाच खणांचं धाब्याचं, म्हणजे लाकडी कड्यांवर मातीचं सपाट छत असलेलं घर. यजमानांना जुन्या वस्तू खोलून दुरुस्त करायचा छंद. दिवाळीपासून पाच अश्वशक्तीचं जुनं ऑइल इंजिन खोलून ठेवलंय, बैलगाडीचं एक चाक सुटं पडलंय, आणि फाल्गुनात ‘कड्या वाकल्या, आता पत्राच टाकू’ म्हणत त्यांनी धाब्याचे दोन खण उकरले. सव्वा फूट माती निघाली. सासरे, म्हणजे आप्पा, म्हणाले, ‘माझ्या बापाच्या धाब्यावर पत्रा चढणार नाही.’ तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद आणि काम तिथंच. आखाजीला आलेल्या नणंदबाई वर बघून म्हणाल्या, ‘वहिनी, घरात बसून आभाळ दिसतं हो तुमच्या.’ तुम्ही विचारताय: मी कुणाच्या बाजूनं बोलू, आणि या माणसाचं खोलणं कधी थांबेल?

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचा शब्द ‘सव्वा फूट’. त्यावरूनच भांडण सुटेल असं मला वाटतं.

उकरलेली जागा तुम्ही दहा बाय बारा फूट लिहिली आहे. तिच्यावर एक इंच मातीचा थर म्हणजे दहा घनफूट माती, कोरडी असली तरी साडेचार क्विंटलच्या आसपास. सव्वा फूट म्हणजे पंधरा इंच, म्हणजे सदुसष्ट क्विंटल. हे कोरड्याचं, पावसात भिजली की आणखी वाढतं. कड्या वाकणार नाहीत तर काय होईल? एवढी माती एका वर्षात चढलेली नाही. दर उन्हाळ्यात जुना थर न खरवडता वर नवी खारी (पाणी अडवणारी खारट माती) टाकत गेलं की चाळीस-पन्नास वर्षांत हेच होतं. म्हणजे ओझ्याबद्दल यजमानांचं बरोबर आहे. आणि त्या सव्वा फुटाखालीही इतकी वर्षं घर गळलं नाही, म्हणजे मातीबद्दल आप्पांचं बरोबर आहे.

बाजू घ्यायचीच नाही. आप्पांना ‘तुमच्यामुळे कड्या वाकल्या’ असं तर चुकूनही म्हणायचं नाही. त्यांना एकच विचारा: ‘आप्पा, खारी कुठून आणायची?’ खारीची जागा गावात जुन्या माणसांनाच ठाऊक असते आणि हा प्रश्न त्यांना गेल्या दोन महिन्यांत कुणी विचारलेला दिसत नाही. यजमानांसमोर क्विंटलचा हिशेब ठेवा. मशिनवाल्या माणसाला आकडा पटतो, आर्जव पटत नाही.

पत्र्याचा वाद दिवाळीपर्यंत बाजूला ठेवा. २५ मेला रोहिणी निघतात, जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग. तेवढ्यात स्लॅब होत नाही: त्याला पायापासून कॉलम लागतात, म्हणजे खोलीच पाडावी लागेल, आणि वर किमान चौदा दिवस पाणी मारायचं. घाईनं ठोकलेला पत्रा वळवाच्या वावटळीत उडतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्याच्याखाली बसणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. पुढे करायचंच असेल तर धाबं तसंच ठेवून वर दीड फूट हवा खेळेल असा पत्रा घेतात. त्यानं दोघांचंही राहतं, पण तुमची पापड वाळवायची जागा जाते. तेही बोलताना मांडा.

आता काम. घाई असली तरी क्रम सोडू नका.

आधी खालची दादर (ज्वारी) आणि गहू हलवा. पोती फळ्यांवर, जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून फूटभर लांब. मग टेकू. प्रत्येक वाकलेल्या कडीखाली मधोमध एक खांब, त्याच्या बुडाशी जाड फळी, वर पाचर. पाचर हलक्या हातानं ठोकायची, कडी सरळ करायच्या नादात उचलायची नाही. वाळलेलं लाकूड तडकतं. टेकू लागल्याशिवाय धाब्यावर कुणी चढायचं नाही, पोरं तर नाहीच.

कडी तपासायची ती मधे नाही, टोकाला. भिंतीत शिरलेलं टोक आधी कुजतं, कारण तिथं ओल धरते आणि वारा लागत नाही. पेचकस टोचून बघा. अर्धा इंच सहज शिरला किंवा ठोकल्यावर भद्द आवाज आला तर ती कडी बदला. नव्या कडीची भिंतीत जाणारी टोकं डांबरानं माखा. उधईच्या मातीच्या नळ्या भिंतीवर दिसल्या तर नुसत्या पुसून भागत नाही, त्या जमिनीत कुठं उतरतात ते शोधून तिथं औषध घाला.

कड्यांवर किलच्या (लाकडाच्या आडव्या चिपा) जवळजवळ, बोट जाणार नाही इतक्या. त्यावर कडुनिंबाचा पाला, मग तुराट्या आडव्या-उभ्या दोन थर. इथं बरेच जण प्लास्टिकचा कागद अंथरतात. नको. किलच्यांच्या टोकांनी त्याला भोकं पडतात, आत शिरलेलं पाणी कागदावरून सरकत भलतीकडेच टपकतं आणि गळती नेमकी कुठली हे पावसाळाभर सापडत नाही.

मातीचे थर, खारी धरून, सरासरी सात इंचांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. खाली तुमचीच उकरलेली माती, मुळ्या चाळून, गव्हाचा भुसा कालवून, दोन दिवस भिजत ठेवलेली. वर दोन इंच खारी. एकूण जाडी उंच बाजूला नऊ इंच आणि पन्हळीकडे पाच, म्हणजे बारा फुटांत चार इंच उतार मिळतो. उतार डोळ्यानं मापू नका, पातळी बघायची पाण्याची नळी लावा. मातीचा थर धुम्मसानं (जमीन चोपायच्या ठोकळ्यानं) चोपून, शेणकाला फिरवून वाळू द्या. मग खारी कोरडीच पसरायची, वरून पाण्याचा हलका शिडकावा, पुन्हा चोपायची. एवढ्या जागेला अर्धी ट्रॉली खारी पुरून उरेल. पन्हळ भिंतीपासून दीड फूट तरी बाहेर काढा, नाहीतर वरचं वाचेल आणि भिंतीचा पाया धुऊन जाईल.

दोनच खण असे बसवले आणि बाकीचे तीन सव्वा फुटावर राहिले, तर हे दोन खण डबकं होतील. म्हणून उरलेले तीनही त्याच उतारात येईपर्यंत खरवडायचे, एका कडेपासून नाही तर सगळीकडून थोडं थोडं. निघालेली जुनी खारी वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात टाकू नका. गोठ्याच्या जमिनीला चालेल.

हीच खारी पाणी का अडवते तेही सांगते, कारण यजमान विचारतीलच. या मातीत सोडियम जास्त असतो. पावसाचं पाणी लागलं की तिचे बारीक कण सुटे होतात, फुगतात आणि सगळ्या फटी बुजवतात. काळी मातीही फुगते, पण वाळली की हातभर भेगा टाकते, म्हणून ती वर चालत नाही. आणि खारीत ‘मजबुतीसाठी’ चुना, सिमेंट किंवा जिप्सम मिसळायचं नाही. त्यातलं कॅल्शियम कणांना गोळा करतं आणि खारीचा गुणच मरतो. चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली जमीन सुधारायला शेतकरी जिप्सम टाकतो तो याचसाठी. शेतात हवं ते धाब्यावर नको.

आप्पांनी जागा दाखवली की ट्रॉली भरण्याआधी परीक्षा घ्या. काचेच्या ग्लासात जारचं पाणी घ्या, विहिरीचं नको, त्यातले क्षार निकाल बिघडवतात. बोराएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, ढवळू नका. तासाभरात ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला आणि पाणी गढूळच राहिलं तर माती पास. ढेकूळ नुसतं ढासळलं आणि वरचं पाणी नितळ राहिलं तर दुसरी जागा बघा. ही परीक्षा ओसरीवर, दोघांच्या देखत करा. न बोलणारी माणसंसुद्धा एका ग्लासाकडे बघत बसतात.

आता छंदाचं. आळशी माणूस इंजिन खोलत नाही, ताई. काम अर्धवट राहतं तिथं बहुतेक वेळा एखादा पार्ट किंवा एखादा कारागीर अडलेला असतो. ‘कधी होणार’ हे विचारणं सोडा, ‘कशावाचून अडलंय’ ते विचारा. इंजिनाचं बहुधा हेड गॅस्केट किंवा पिस्टनच्या रिंगा असतील, चाकाला धाव (लोखंडी पट्टा) चढवणारा माणूस मिळत नसेल. तो मिळेपर्यंत चाक पाण्यात बुडवून ठेवू नये: लाकूड फुगून दोन दिवस घट्ट वाटतं, वाळलं की आरे पहिल्यापेक्षा ढिले.

धाबं होईपर्यंत दोन्ही कामं नीट आवरून ठेवायला सांगा. नुसतं गोणपाट टाकणं म्हणजे आवरणं नव्हे. उघड्या सिलिंडरला एका पावसाळ्यात गंज चढतो आणि मग बोअरिंगचा खर्च. सिलिंडरच्या आत आणि क्रँकला इंजिन ऑइलचा हात, तोंडांत तेलाचे बोळे, नटबोल्ट डब्यात आणि डब्यावर कुठले ते लिहिलेलं. पिस्टन सिलिंडरमध्ये अडकलेला असेल तर हातोडा नको. नोझल काढून तिथून डिझेल आणि ऑइल समसमान ओता, चार दिवस मुरू द्या, मग फ्लायव्हील हातानं पुढे-मागे हलवा. आणि पुढं कधी चालू झालं तर बंद खोलीत चालवून बघायचं नाही, धुरानं माणूस जातो. गोठ्याचा एक कोपरा त्यांना कायमचा द्या. ओसरी मात्र तुमची, हे एकदा स्पष्ट सांगा, रागानं नाही पण हसून टाळताही येणार नाही असं.

पहिल्या पावसाला घमेलंभर चाळलेली खारी दाराशी कोरडी ठेवा. आतून थेंब दिसला की भिंतीवर कोळशानं खूण करा, वर तेवढ्याच जागी खारी भुरभुरवा. बऱ्याचदा तिथं उंदराचं बीळ सापडेल. ते ओल्या मातीनं ठासून मगच वर खारी. आषाढात गवत बोटभर असतानाच उपटायचं. वाढलं की मुळं वाट करून देतात.

बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) तुम्ही शेवटी, जणू लाजत विचारलंय. यंदा धाबं नाही तर अंगणात दोन खाटा, त्यावर धुतलेली सुती साडी, सकाळी सातला घालून बारापर्यंत उलटायच्या. कडा तडकतात त्याला जागा कारण नाही, घाटा (शिजवलेलं पीठ) कच्चा राहतोय. पीठ टाकून एकजीव झाल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर आणखी वाफ द्या, आणि ओल्या बोटाला चिकटेनासा झाला की मगच उतरवा.