शिक्का सरकारचा, गोळी बीचमची

मागच्या महिन्यात व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या ‘पेटंट’ औषधांचा, म्हणजे गुप्त पाककृतीच्या तयार औषधांचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : एकच गोळी डोकेदुखीपासून यकृतापर्यंत सगळं बरं करते, यावर लोकांचा विश्वास बसायचा तरी कसा? इतके भोळे होते का?

भोळे नव्हते, त्यांच्यापुढे पर्याय कमी होते. डॉक्टरची फी मजुराच्या आवाक्याबाहेरची. आणि डॉक्टर तरी काय करायचा? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो जळवा लावायचा नाहीतर पाऱ्याचं कॅलोमेल द्यायचा. त्यापेक्षा शिलिंग-दीड शिलिंगाची डबी बरी.

शिवाय या गोळ्यांचा परिणाम दिसायचा, हे विसरू नका. थॉमस बीचम हा लहानपणी मेंढ्या राखणारा माणूस. लँकेशायरमधल्या सेंट हेलेन्सला त्याने गोळ्यांचा धंदा उभा केला. ‘डबी गिनीच्या (एकवीस शिलिंगांच्या) मोलाची’ ही त्याची जाहिरात घराघरांत पोचली होती. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये असल्या गुप्त औषधांच्या पृथक्करणाचं एक पुस्तकच काढलं. त्यात बीचमच्या गोळीतून निघालं काय, तर काळाबोळ, सुंठ आणि साबण. काळाबोळ घेतला की सकाळी पोट साफ होणारच. पोट साफ झालं की माणसाला हलकं वाटतं, आणि हलकं वाटलं की यकृतही सुधारलं असं वाटतं. ५६ गोळ्यांच्या डबीची किंमत साडेतेरा पेन्स, आतला माल मात्र अर्ध्या फार्दिंगचा, म्हणजे पेनीच्या आठव्या हिश्शाचा. उरलेल्यात जाहिरात, दुकानदार, नफा आणि सरकारही आलं. सरकारचं पुढच्या उत्तरात सांगतो.

प्रश्न : यांच्यावर सरकारचं नियंत्रण नव्हतं का?

नियंत्रण नव्हतं, वाटा होता! १७८३ च्या कायद्याने अशा औषधांवर मुद्रांक शुल्क बसवलं. शिलिंगाच्या डबीवर दीड पेनी, म्हणून तर किंमत अशी अडनिडी, एक शिलिंग (म्हणजे बारा पेन्स) दीड पेनी. शुल्क भरल्याची छापील पट्टी झाकणावर चिकटवायची आणि गिऱ्हाइकाने ती फाडूनच डबी उघडायची. आता सरकारी छाप बघून साध्या माणसाला काय वाटेल? सरकारने तपासून पास केलं, हेच ना? ‘शिक्का पाहून घ्या, नकलांपासून सावध राहा’ असं कारखानदारच छापायचे. शेवटी पट्टीवर ‘ही सरकारची हमी नाही’ असा खुलासा करायची पाळी आली. पण बारीक अक्षरं वाचतो कोण?

आणि ‘पेटंट’ म्हणायचं ते नुसतं नावाला. खरं पेटंट घ्यायचं तर पाककृती उघड करावी लागते, आणि या मंडळींना नेमकी तीच लपवायची होती. औषधात काय आहे हे छापायची सक्ती ब्रिटनमध्ये १९४१ च्या कायद्याने आली आणि त्याच कायद्याने हे मुद्रांक शुल्कही गेलं. माझ्या मते उशिराचं मोठं कारण महसूल हेच. वर्तमानपत्रांनाही जाहिरातींचे पैसे मिळत होते, त्यामुळे तिकडूनही ओरड बेताचीच.

प्रश्न : बाळांना अफू पाजत, हे खरं का?

खरं आहे, आणि यात हसण्यासारखं काही नाही. ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ म्हणजे काकवीच्या पाकात अफू आणि ससाफ्रसचा स्वाद. गिरणीत जाणारी आई बाळ शेजारच्या म्हातारीकडे ठेवून जायची. तिच्याकडे अशी आणखी चार पोरं असायची. एक चमचा दिला की सगळी निजली. घोटाळा असा की अफू बाटलीच्या तळाशी बसते. वरचा चमचा सौम्य, शेवटचा जहाल. एकदम जास्त डोस पोटात जाऊन मुलं दगावत. पण त्याहून नकळत होणारं मरण म्हणजे उपासमार. गुंगीतलं बाळ भुकेने रडत नाही, रडत नाही म्हणून त्याला कुणी पाजत नाही, आणि ते वाळत जातं. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र ‘अशक्तपणा’.

इंग्रजांना नावं ठेवण्याआधी एवढंच सांगतो : मुंबईच्या चाळींतल्या गिरणी कामगार बायाही विसाव्या शतकात कामावर जाताना तान्ह्यांना अफूची ‘बाळगोळी’ देत होत्या. कारणं तीच.

प्रश्न : मी विधी शाखेची विद्यार्थिनी. करार कायद्यात कार्लिल खटला शिकलो, पण तो ‘स्मोक बॉल’ म्हणजे नेमकं काय होतं?

कार्बोलिक आम्लाची पूड भरलेला रबरी गोळा. त्याची नळी नाकपुडीत घालायची, गोळा दाबायचा, की पूड धुरासारखी नाकात! नाक वाहायला लागायचं आणि रोग बाहेर पडतोय असं वाटायचं. १८८९ पासून इन्फ्लुएंझाची साथ चालू होती. गोळा दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही फ्लू झाला तर १०० पौंड देऊ, १००० पौंड बँकेत ठेवलेत, अशी कंपनीची जाहिरात. लुइझा कार्लिलबाईंनी जवळजवळ दोन महिने नेमाने वापरला आणि जानेवारी १८९२ मध्ये त्यांना फ्लू झालाच. त्यांनी १०० पौंड मागितले, तर जाहिरात ही नुसती बढाई, असा कंपनीचा बचाव; बढाईसाठी कुणी बँकेत पैसे ठेवत नाही, हे कोर्टाचं उत्तर. बाई पुढे ९६ व्या वर्षापर्यंत जगल्या.

प्रश्न : पणजोबांच्या पेटीत ‘क्लोरोडाइन’ची जुनी बाटली सापडली. हे कशावरचं औषध?

हे तर थेट हिंदुस्थानातल्या लष्कराचं. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन या लष्करी डॉक्टरने ते पटकीवर (कॉलऱ्यावर) म्हणून बनवलं. घटक : अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांग. अफूने जुलाब आणि पोटातली कळ थांबते, त्यामुळे साध्या हगवणीत आराम पडे. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने, त्यावर याचा काही इलाज नव्हता. सवय मात्र अनेकांना लागली. मूळ कृती कुणाची यावरून फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी १८६४ मध्ये कोर्टबाजीही झाली.

तुमच्या बाटलीला लेबल शाबूत असेल तर ओलं फडकं लावू नका, कोरड्या ब्रशने झटका. तळाशी काही चिकट उरलं असेल तर बूच काढू नका, वास घेऊन बघू नका आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका. अफूचा अंश असू शकतो, त्यामुळे मोरीत ओतून देण्याआधी ओळखीच्या फार्मासिस्टला विचारा.