आय, मी की मायसेल्फ?

‘सर कॉल्ड अमित अँड आय’ बरोबर की ‘अमित अँड मी’, आणि ‘मायसेल्फ’ नेमकं कधी, असं तुम्ही विचारलंय. सर्वनामांचे प्रकार तोंडपाठ असूनही वाक्य करताना गोंधळ उडतो म्हणता. उडणारच. प्रकाराचं नाव माहीत असून भागत नाही, ते सर्वनाम वाक्यात काय काम करतंय ते बघावं लागतं.

अमितला क्षणभर बाजूला करा. ‘सर कॉल्ड आय’ म्हणाल का? नाही ना? मग तो परत आला तरी ‘अमित अँड मी’च. ‘बिट्वीन यू अँड आय’ कितीही साहेबी वाटो, ‘बिट्वीन’सारख्या प्रिपोझिशननंतर मी, हिम, अस, देम हेच येतं. (देवनागरीत इंग्रजी ‘मी’ आणि आपला ‘मी’ सारखेच दिसतात, ही एक कटकट आहेच.)

आपण खरे अडकतो ते ‘ला’पाशी. ‘मला बोलावलं’चं ‘कॉल्ड मी’ झालं की प्रत्येक ‘मला’चं ‘मी’ करावंसं वाटतं. पण ‘मला भूक लागलीय’चं होतं ‘आय ॲम हंग्री’, ‘मला माहीत आहे’चं ‘आय नो’. मराठीत भूक लागते, ताप येतो, आठवण येते. क्रियापद त्यांच्या मागे जातं आणि माणूस बिचारा ‘ला’ लावून बाजूला बसतो. इंग्रजीत अशा ठिकाणी बहुतेक वेळा माणूसच कर्ता. म्हणून मराठी प्रत्यय धरून चालू नका.

‘मायसेल्फ’ लागतं ते स्वतःवरच क्रिया झाली तर, ‘आय कट मायसेल्फ’, किंवा जोर द्यायला, ‘आय मेड इट मायसेल्फ’. मुलाखतीत ‘मायसेल्फ प्रकाश’ नको; ‘आय ॲम प्रकाश’ म्हणा.

‘राहुलने समीरला आपल्या गाडीतून सोडलं’ म्हटलं की गाडी राहुलची, हे आपल्याला लगेच कळतं. इंग्रजी ‘हिज कार’मध्ये ती कुणाचीही असू शकते. शंका असेल तिथे ‘हिज ओन’ लिहा, नाहीतर सरळ नाव घ्या.

मालकीच्या ‘इट्स’ला अपॉस्ट्रॉफी नाही. ती दिली की ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’.

पुरुष की स्त्री माहीत नसेल तर ‘समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला’ खुशाल लिहा. हे आजकालचं खूळ नव्हे. एकवचनी ‘दे’ १४व्या शतकापासून सापडतो, मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशाने तर २०१९ साली ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवलं. क्रियापद मात्र ‘दे आर’च. परीक्षक जुन्या वळणाचे असतील असं वाटलं, तर ‘हिज ऑर हर’ लिहून मोकळे व्हा.