आमच्या भागातलं चांगलं छोटं हॉटेल बंद पडायला आलंय. गिऱ्हाईक म्हणून आपण काय करू शकतो?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की हॉटेल ठाण्यात आहे, मराठी पदार्थांचं, आठ-दहा टेबलांचं. चव अजून जशीच्या तशी, पण सकाळचा नाश्ता आटोपला की आत फारसं कुणी दिसत नाही. मालक कधीही शटर ओढेल अशी भीती वाटते, म्हणून मित्रमंडळी मिळून एक रील टाकायचा बेत आहे. रीलचं नंतर बोलू. आधी आतली बाजू सांगतो. मी दादर, गिरगाव, ठाणे या भागातल्या अशा काही हॉटेलांचे हिशेब लिहितो. त्यांची चव तुम्हाला जास्त कळत असेल, वही मला जास्त कळते.

हॉटेल का बुडालं असं विचारलं की लोक म्हणतात, धंदा नव्हता. बहुतेक वेळा धंदा असतो. तो कधी येईल याचा भरवसा नसतो. मिसळीची मटकी घ्या. आज रात्री भिजत घातली की उद्या सकाळी उपसून फडक्यात बांधायची, तेव्हा परवा सकाळी मोड आलेली कढईत पडते. म्हणजे परवा किती माणसं मिसळ खायला येतील हे मालकाला आज रात्रीच ठरवावं लागतं. माझ्या ओळखीचे एक मालक रात्री साडेनऊला हातात माप घेऊन पिंपासमोर उभे राहतात. आतल्या पोराला विचारतात, आज किती उरली? मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नजर टाकतात, परवा चतुर्थी आहे का, शाळेला सुट्टी आहे का. चार मापं टाकतात आणि थोडा वेळ थांबून एक परत काढतात. उरली तर फुकट गेली, कमी पडली तर अकरा वाजता 'मिसळ संपली' म्हणायचं आणि आलेलं माणूस समोरच्या डोसेवाल्याकडे जाताना बघायचं. हाच प्रकार थालीपिठाच्या भाजणीचा, खरवसाच्या चिकाचा, कोथिंबीर वड्यांच्या उंड्यांचा.

म्हणून तुम्ही महिन्यातून एकदा दहा जणांचा घोळका घेऊन गेलात तर त्यांना आनंदच होईल. पण दर मंगळवारी आणि गुरुवारी दोघंच जात राहिलात तर वहीत जास्त फरक दिसेल. त्या दोन प्लेटी रात्रीच्या मापात धरल्या जातात. पूर्वीच्या खानावळी यावरच चालायच्या. महिन्याचे मेंबर, आगाऊ पैसे, कूपनं, आणि गावाला जाणार असाल तर खाडा आदल्या दिवशी सांगायचा. आचाऱ्याला सकाळीच माहीत असायचं की आज किती पानं आहेत. तुमच्या हॉटेलात मासिक जेवण सुरू करता येईल का, असं विचारून बघा. आसपास एकटे राहणारे नोकरदार असतील तर पाच-सात मेंबर सहज होतात, आणि महिन्याच्या १ तारखेला हातात आलेली रोकड म्हणजे किराणावाल्याची उधारी फिटली असं समजा.

आता घरपोच मागवण्याबद्दल. ॲपवरून त्याच हॉटेलातून मागवणं म्हणजे त्याला आधार देणं, असं बरेच जण प्रामाणिकपणे समजतात. हिशेब करून दाखवतो. थाळी २०० रुपयांची धरा. कमिशन हॉटेलागणिक बदलतं. इथे २५ टक्के धरू, म्हणजे ५० रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ९ रुपये. साधी हॉटेलं ज्या ५ टक्के दरात बसतात, त्यात भरलेल्या कराची वजावट मिळत नाही (नोव्हेंबर २०१७ पासून), त्यामुळे हे ९ रुपये परत यायचे नाहीत. 'आज २० रुपये सूट' अशी पाटी दिसते त्यातला काही भाग किंवा सगळीच सूट हॉटेलवाल्याच्या माथी असते, २० धरा. डबे, पिशवी, चमचा १२. मालाचे ७०. उरले ३९ रुपये. त्यातून भाडं, पगार, गॅस, वीज, पाणी. हीच थाळी तुम्ही तिथे बसून खाल्लीत तर १३० उरतात, आणि स्वतः जाऊन पार्सल आणलंत तर ११८. कमिशन आणि इतर काही गोष्टींबद्दल हॉटेलवाल्यांच्या संघटनेने केलेल्या तक्रारीवरून एप्रिल २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने झोमॅटो आणि स्विगीची चौकशी लावली होती, तेव्हा हे रडगाणं माझ्या एकट्याचं नाही.

ॲप वाईटच असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याचं स्वयंपाकघर रात्री रिकामं असतं, आचारी तसाही पगारावर बसलेला असतो, त्याला ते ३९ रुपयेही नको नसतात. पण हॉटेल तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर असेल तर फोन करा, 'वीस मिनिटांत येतो, दोन पियूष आणि एक साबुदाणा वडा बांधून ठेवा' म्हणा आणि चपला घाला. पैसे यूपीआयने दिलेत तरी चालतात. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. क्रेडिट कार्डावर असतं. दीडशेच्या बिलाला पॉइंटसाठी कार्ड काढू नका.

भावाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण चांगली हॉटेलं इथेच मार खातात आणि तिथे गिऱ्हाइकाचा हात असतो. धंद्याचा निळा सिलिंडर १९ किलोचा, त्याला अनुदान नाही, भाव साधारण दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो. तेल आणि कांदा तर तुम्हीही विकत घेता. हे सगळं दरमहा हलत असताना पाटीवरचा भाव मात्र दोन-दोन वर्षं हलत नाही, कारण मालकाला तुमची भीती वाटते. मी समोर बसलो असताना एका मालकाने वड्याच्या भावावर पाच रुपये वाढवलेली कागदाची पट्टी चिकटवली. डिंक वाळायच्या आत नेहमीचे एक काका म्हणाले, ''काय हो, तुम्हीपण आता लुटायला लागलात?'' गंमतीनेच म्हणाले. मालक हसले. संध्याकाळी पट्टी काढलेली होती आणि वडा काही दिवसांनी बोटभर लहान झाला. चव बिघडायला सुरुवात होते ती अशी. आधी वडा लहान, मग शेंगदाणा तेलाच्या जागी पामतेल, मग जुना आचारी सोडून जातो. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर पाटीवर नवा भाव दिसेल त्या दिवशी मुकाट्याने पैसे द्या. जमलं तर 'बरं केलंत, फारच कमी होता' असंही म्हणा. शेजारच्या टेबलालाही ते ऐकू जातं.

आणि 'गिरगावात हीच मिसळ इतक्याला मिळते' ही तुलना कृपा करून नको. गिरगाव-दादरची कित्येक जुनी हॉटेलं पागडीच्या जागेत आहेत. तिथलं भाडं आजच्या बाजारभावापुढे नावापुरतं असतं, म्हणजे तुमच्या स्वस्त मिसळीचा काही भाग इतकी वर्षं चाळीच्या मालकाने सोसलेला आहे. ठाण्यात नव्या इमारतीच्या गाळ्यात हॉटेल टाकणारा लीव्ह अँड लायसन्सवर असतो, डिपॉझिट अडकलेलं आणि दरवर्षी करारात ठरलेली वाढ. दोघांची मटकी एका भावाची असली तरी मिसळ एका भावाची होऊ शकत नाही.

बिलात जीएसटीची ओळ नाही म्हणून 'कर चुकवतो' असं परस्पर लिहून टाकणारे परीक्षक नेटवर भेटतात. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेलं हॉटेल जीएसटीच्या छोट्या धंद्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असू शकतं. त्याला गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचीच परवानगी नाही, उलाढालीवर ५ टक्के तो स्वतःच्या खिशातून भरतो. एक तारा द्यायच्या आधी एवढं माहीत असावं.

सगळ्यात जास्त मदत कशाने होते असं कुणी मला एका वाक्यात विचारलं तर मी म्हणेन, ठरवून दिलेल्या मोठ्या ऑर्डरीने. सोसायटीचा सत्यनारायण, २६ जानेवारीचं झेंडावंदन, ऑफिसातली सकाळची मीटिंग, घरचं हळदीकुंकू. पन्नास माणसांचा उपमा-शिरा किंवा वडे. टेबलं अडत नाहीत, वाढप्यांवर ताण नाही, किती करायचं ते दोन दिवस आधी माहीत आणि वाया काही जात नाही. निम्मे पैसे आधी द्या. 'पन्नास प्लेटी आहेत, जरा कमी करा' हे शक्यतो टाळा. तिथे त्याला मिळणारे चार पैसेच पुढच्या रिकाम्या बुधवारची भरपाई करतात. तुमच्या सोसायटीच्या कमिटीत कुणी ओळखीचं असेल तर रीलपेक्षा हे आधी करा. केटरर तर तुम्ही तसाही लावणारच आहात.

तुमचं हॉटेल शाकाहारी दिसतंय, पण इथे येणाऱ्या इतरांसाठी सांगतो की मालवणी आणि गोमंतकी हॉटेलांचं गणित वेगळंच आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, त्यामुळे ताजी सुरमई-पापलेट मिळेनासे आणि मिळाले तर भाव डोळे पांढरे करणारे. त्यातून बाहेर पडावं तर श्रावण. मग गणपती, मग पितृपक्ष. अधूनमधून सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी आहेतच. गटारीला रांगेत उभं राहून यांच्याकडे जेवणारे लोक पुढे महिनाभर त्या रस्त्याला फिरकत नाहीत. भाडं आणि पगार मात्र श्रावण पाळत नाहीत. तुम्ही श्रावण पाळणाऱ्यांपैकी नसाल तर नेमक्या त्या दिवसांत जा. पाळत असाल तर तिथली सोलकढी, काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळी खा, तीही चांगली असते आणि कुणी मागवत नाही म्हणून बिचारी मागे पडते.

तक्रार असेल तर गल्ल्यावर सांगा, लगेच आणि हळू आवाजात. आमटी खारट झाली हे त्या क्षणी कळलं तर पुढच्या वीस पानांचं काही करता येतं. रात्री अकराला गूगलवर कळून उपयोग नाही. गूगलवर करायचंच असेल तर वेळा तपासा. जुन्या हॉटेलांच्या वेळा, साप्ताहिक सुट्टी, फोन नंबर तिथे सर्रास चुकीचे असतात, आणि सत्तरीतले मालक ते दुरुस्त करायला बसत नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे, त्यांच्या मुलीला किंवा भाच्याला सोबत घेऊन करा. जेवणाच्या वेळी, साडेबारा ते अडीच, खाऊन झालं की टेबल सोडा. चार वाजता हवा तेवढा वेळ बसा, रस्त्यावरून माणसं दिसली की आणखी माणसं आत येतात.

आता रील. मालकाला न विचारता टाकू नका. रविवारी साठ माणसं दारात उभी राहिली आणि आत दोनच वाढपी असले तर काय होतं ते मी पाहिलंय. अर्ध्या लोकांना थंड वडे, नेहमीच्यांना जागा नाही, आणि पुढच्या आठवड्यात 'ओव्हरहाइप्ड' म्हणून शेरे. ती साठ माणसं पुन्हा येत नाहीत, नेहमीचे सहा मात्र सवय मोडून बसतात. टाकायचीच तर त्यात मंगळवार-बुधवार दुपारचं सांगा, आणि शनिवार-रविवारचं नाव काढू नका.

निरोपाच्या गर्दीचंही तसंच. ग्रँट रोडचं बी. मेरवान, १९१४ सालचं, बंद होणार अशी बातमी २०१४ मध्ये आली तेव्हा मावा केकसाठी सकाळी अंधारात रांगा लागल्या होत्या. नशीब, ते पुढे पुन्हा उघडलं. रांगेतल्या किती जणांनी त्याआधीच्या वर्षात तिथे एकदा तरी ब्रून-मस्का खाल्ला असेल, याबद्दल माझे विचार फार उदार नाहीत.

शेवटी एक कडू गोष्ट. आधी मालकाला विचारा की हॉटेल नेमकं कशाने अडलंय, कारण प्रत्येक हॉटेल गिऱ्हाईक वाचवू शकत नाही. जहांगीर कलादालनातलं समोवार १९६४ पासून चालू होतं, गिऱ्हाइकांचा त्यावर जीव होता, तरी ३१ मार्च २०१५ ला ते बंद झालं. प्रश्न जागेचा होता. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल, किंवा मुलगा पुण्यात आयटीत रमला असेल आणि मालकाचे गुडघे पहाटे चारला उठू देत नसतील, तर तुम्ही रोज चार वेळा जेवलात तरी काही होणार नाही, आणि त्यांनी सुखाने बंद करावं. अशा वेळी आचारी आणि वाढपी कुठे जाणार ते विचारा. बऱ्याचदा तोच आचारी दोन गल्ल्या सोडून छोटी गाडी नाहीतर पोळीभाजी केंद्र टाकतो आणि पहिले सहा महिने त्याच्याकडे कुणी जात नाही.

तुमच्या मालकाचं दुखणं भाडं आणि रिकाम्या दुपारी एवढंच असेल, तर मासिक जेवण आणि सोसायटीच्या ऑर्डरी यांवर जोर द्या. काय उत्तर मिळालं ते प्रतिक्रियेत कळवा. आकडे मांडून बघायचे असतील तर मी मोकळा आहे. फक्त मार्च आणि सप्टेंबर सोडून.