'कान तयार होणे' : तयार नक्की काय होते?

प्रश्न असा आला आहे : 'ऐकून ऐकून कान तयार झाला' असे आपण म्हणतो, पण कान तर जन्मापासून तोच असतो. तयार होते ती बुद्धी. मग 'जाण आली' म्हणणे जास्त बरोबर नाही का?

मला तसे वाटत नाही. तानपुऱ्याचेच घ्या. नीट जुळलेल्या, जवारी (घोडीचा तारा टेकतात तो घासून साधलेला भाग) मोकळी असलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या 'सा'च्या, तारेतून गंधार ('ग') उमटतो. त्याला वेगळी तार नाही. खर्जाच्या कंपनाच्या पाचपट कंपनाचा स्वर त्याच नादात असतो, तोच हा स्वयंभू गंधार. मला कित्येक महिने नुसता घुमारा ऐकू यायचा. 'आहे, ऐक' असे सांगूनही गंधार सापडत नव्हता. एका सकाळी तो ऐकू आला, आणि मग तो न ऐकणे जमेना. यात मी तर्क कुठे केला? 'जाण' म्हटले की ऐकू सगळ्यांना सारखेच येते, अर्थ तेवढा वेगळा लागतो असे वाटते. इथे ऐकू येण्यातच फरक पडला.

व्याकरणाचा तत्त्वज्ञ भर्तृहरी याने 'वाक्यपदीय' या ग्रंथात हेच रत्ने आणि नाणी पारखणाऱ्यांबद्दल सांगितले आहे : 'परेषामसमाख्येयमभ्यासादेव जायते। मणिरूप्यादिविज्ञानं तद्विदां नानुमानिकम्॥' हे ज्ञान दुसऱ्याला सांगता येत नाही, अभ्यासानेच येते आणि ते अनुमान नव्हे.

विचारणाऱ्याची शंका मात्र जुनी आणि मोलाची आहे. दुरून चंदन पाहूनच 'सुगंधी चंदन' असे जे वाटते, त्याला नव्य नैयायिक (न्यायदर्शनाचे नंतरचे पंडित) प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी थेट झालेले ज्ञान, म्हणतात; 'वेदान्तपरिभाषा' हा वेदान्ताचा ग्रंथ सुगंधाच्या अंशापुरते ते प्रत्यक्ष मानत नाही. तिथे मी वेदान्त्यांच्या बाजूने आहे, कारण वास नाकापर्यंत पोचलेलाच नसतो. गंधार मात्र पहिल्या दिवसापासून कानावर पडत होता.

आपली क्रियापदेही पाहा. 'मी ऐकतो', पण 'मला ऐकू येते'. 'मी बघतो', पण 'मला दिसते'. रियाज ऐकण्याचा करता येतो, ऐकू येण्याचा नाही. ते मागाहून आपले आपण येते. म्हणून गुरू 'कान तयार कर' म्हणतात, आणि शिष्याचा कान तयार 'होतो', झाडावरचा आंबा तयार होतो तसा.