बाबांना कॅमेऱ्यासमोर चालायला सांगा

'बाबा फोनवर फारसं बोलत नाहीत, चेहरा रागावल्यासारखा दिसतो, आवाज खोल गेलाय. आई म्हणते, वय झालं,' असं तुम्ही न्यू जर्सीहून लिहिलंय. एवढ्यात वयावर ढकलू नका. पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारात चेहऱ्यावरचे भाव मावळतात, आवाज बारीक होतो आणि माणूस रुसलाय असं घरच्यांना वाटतं.

व्हिडिओ कॉलवर चेहऱ्यापलीकडे काही दिसत नाही. तेव्हा आईंना फोन धरायला सांगा आणि बाबांना खोलीभर चालायला लावा. चालताना एक हात हलत नाही का? पाऊल घासतंय का? वळताना अडखळतात का? बाबांकडून चार ओळी लिहून घ्या. अक्षर बारीक होत जातं का बघा. हात थरथरायलाच हवा असं नाही. फोडणीचा वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं, लाथा झाडणं हे काहींना कित्येक वर्षं आधीपासून असतं.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी त्यांच्या गोळ्यांचा डबा मात्र नक्की उघडायला लावा. चक्करेसाठी सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा स्टेमेटिल, मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड सुरू होतं आणि पुढे महिनोन्‌महिने चालूच राहतं. या औषधांनी थेट पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती थांबवली की बहुतेकदा काही महिन्यांत उतरतात. एवढ्या साध्या कारणाने कुणी आयुष्यभराचं निदान घेऊन बसू नये, असं मला मनापासून वाटतं.

पार्किन्सन्सच निघाला, तर मुख्य औषध लेव्होडोपा. गोळीत त्याच्या जोडीला कार्बिडोपा असतं. भारतात ती सिंडोपा नावाने मिळते, अमेरिकेत सिनेमेट नावाने ओळखतात. बाबा तुमच्याकडे येणार असतील तर नुसतं नाव नको, लेव्होडोपा आणि कार्बिडोपा दोन्हींचे मिलिग्रॅम प्रिस्क्रिप्शनवर लिहून आणा. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. वरण, दूध, पनीर यांतल्या प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही. खाजकुइलीच्या चूर्णातही लेव्होडोपा असतं, म्हणून ते घेत असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. रोजचं चालणं, मोठ्याने वाचणं हेही उपचारच आहेत. आई-बाबा पुण्यात असतील तर पार्किन्सन्स मित्रमंडळ या रुग्ण-कुटुंबीयांच्या गटाशी आईंची गाठ घालून द्या.

विमानात गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. हे औषध एकदम बंद पडणं धोक्याचं असतं. तिकडे इस्पितळात दाखल करावं लागलं, तर त्यांच्या गोळ्यांच्या वेळा आणि 'मेटोक्लोप्रामाइड देऊ नये' ही सूचना पहिल्याच नर्सच्या हातात लेखी द्या.