उशीखाली लपवलेली वेष्टने

प्रश्न : माझी मुलगी ८ वर्षांची आहे. तिचे वजन वर्गातल्या इतर मुलींपेक्षा थोडे जास्त असल्यामुळे वर्षभरापासून आम्ही गोड पदार्थ कुलपात ठेवतो. गेल्या आठवड्यात तिची खोली आवरताना उशीच्या अभ्र्यात चॉकलेटची आणि बिस्किटांची रिकामी वेष्टने सापडली. माझा तोल गेला आणि तिची आजी व धाकटा भाऊ यांच्यासमोर मी तिला ‘खादाड’ म्हणाले. ती रडली नाही, नुसती मान खाली घालून उभी राहिली. तेव्हापासून ती आमच्याबरोबर जेवायला बसली की दोन घास खाऊन उठते. भावाची तऱ्हा उलटी आहे. तो ३ वर्षांचा आहे, ताटात काही नवे दिसले की तोंड फिरवतो आणि ‘हे संपवलेस तर गोड मिळेल’ असे सांगून त्याला भरवावे लागते. मी मुलीची माफी मागावी का, की त्याने ती शेफारेल?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या वेष्टनांपेक्षा दोन घास खाऊन उठणाऱ्या मुलीची मला अधिक काळजी वाटली. वेष्टने लपवणाऱ्या मुलाला गोड हवे असते, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. पण घरच्यांसमोर जेवणे टाळू लागलेले मूल आपली भूकच लाजिरवाणी आहे असे मानू लागलेले असते. म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते.

कुलपामागचा तुमचा हेतू चांगला होता, परंतु त्याचा परिणाम उलटा होतो. जेनिफर फिशर आणि लीअ‍ॅन बर्च या अमेरिकी संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३ ते ६ वर्षांच्या मुलांना खाऊच्या वेळी दोन साधारण सारखेच पदार्थ दिले, त्यांपैकी एक मोकळेपणाने घेऊ दिला आणि दुसऱ्यावर बंधन घातले. बंधन आलेल्या पदार्थाविषयी मुले अधिक बोलू लागली, तो मागू लागली आणि मिळवण्यासाठी धडपडू लागली. जो पदार्थ पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नसतो, तो मूल संधी मिळताच, घाईघाईने, पोट काय सांगते याकडे लक्ष न देता खाते. याला हावरेपणा म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्यामागे धास्ती असते. त्या धास्तीवर ‘खादाड’ हा शब्द पडला की लाजेने खाणे कमी होत नाही. ते फक्त ताटावरून उठून उशीखाली जाते.

कुलूप काढून टाका. आठवड्यातून काही वेळा गोड पदार्थ जेवणातच, इतर पदार्थांच्या शेजारी, सर्वांना सारखाच वाढा. तो मिळवण्यासाठी काहीही आधी संपवण्याची अट नको. अधूनमधून खाऊच्या वेळी तिला तो मनसोक्तही घेऊ द्या. सुरुवातीचे काही आठवडे ती तुमच्या अपेक्षेपेक्षा बरेच जास्त खाईल आणि तुम्हाला पुन्हा कुलूप लावावेसे वाटेल. त्या काळात धीर धरणे हेच तुमचे सर्वांत अवघड काम आहे, कारण पदार्थ खरोखरच परत मिळणार आहे याची तिला खात्री पटायला तेवढे दिवस लागतात.

याचा अर्थ घरात कोणतीही शिस्त नको, असा नाही. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली कामाची वाटणी मला आजही सर्वांत उपयोगी वाटते: काय शिजवायचे, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, वाढलेल्यापैकी खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवावे. आपण बहुतेक जण आपला वाटा सोडून मुलाच्या वाट्यात ढवळाढवळ करतो. मग जेवणाच्या वेळा ठरलेल्या नसतात, पण घास मात्र मोजले जातात.

वजनाविषयी बोलायचे तर वर्गातल्या मुलींशी केलेली तुलना हे मोजमाप नव्हे. मूल स्वतःच्या वाढीच्या रेषेवर गेली काही वर्षे कसे चालले आहे, हे बालरोगतज्ज्ञ पाहतात, आणि वयात येण्याच्या आसपास वजन वाढणे हा वाढीचाच भाग असतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली दिलेल्या सल्ल्यात मुलांच्या वजनाविषयी, इतकेच नव्हे तर पालकांच्या स्वतःच्या वजनाविषयीही घरात बोलणे टाळावे आणि एकत्र जेवावे, असे म्हटले आहे. तेव्हा ‘मी किती सुटले आहे’ हे आरशासमोरचे वाक्यही मुलीच्या कानांवर पडू देऊ नका. आजींशी मुलगी जवळ नसताना बोला. त्यांनाही तिची काळजीच असणार, त्यामुळे त्यांना दोष न देता कोणते शब्द आता घरात नकोत एवढेच सांगा.

मुलाचे प्रकरण मला तितके गंभीर वाटत नाही. पहिल्या वर्षात बाळाचे वजन सुमारे तिप्पट होते, नंतर वाढीचा वेग मंदावतो आणि भूकही कमी होते. नव्या पदार्थाची भीती साधारण २ ते ६ या वयात सर्वाधिक असते. तोच पदार्थ ८ ते १५ वेळा समोर आल्यावर, पाहिल्यावर, हाताळल्यावर अनेक मुले तो स्वीकारतात, आणि बहुतेक घरे तिसऱ्या-चौथ्या वेळीच हार मानतात. आग्रहाचा उपयोग होत नाही: २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ज्या सूपसाठी ‘संपव’ असा तगादा लावला गेला, त्याविषयी मुले अधिक तक्रारी करू लागली. शिवाय बक्षीस म्हणून गोड दिल्याने भाजी ही शिक्षा आणि गोड हे पारितोषिक ठरते, म्हणजे बहिणीसाठी कुलपाने जे केले तेच त्याच्यासाठी या अटीने होते. त्याला आवडणारा एक तरी पदार्थ प्रत्येक जेवणात असू द्या आणि नव्याचा अगदी लहानसा तुकडा काही न बोलता शेजारी ठेवा.

तथापि त्याचे वजन घटू लागले, घास गिळताना तो वारंवार गुदमरू लागला किंवा खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी आणखी आखडत गेली, तर डॉक्टरांना दाखवा. मुलीच्या बाबतीत जेवण टाळणे असेच चालू राहिले, जेवणानंतर लगेच ती स्वच्छतागृहात जाऊ लागली किंवा ‘खाताना मला थांबताच येत नाही’ असे सांगू लागली, तर उशीर करू नका.

माफी अवश्य मागा. माफीने मूल शेफारत नाही. आधी ती एकटी असताना सांगा, “मी तुला जे म्हणाले ते चूक होते. भूक लागणे आणि गोड आवडणे यात लाजण्यासारखे काही नाही. पदार्थ कुलपात ठेवायचा निर्णय माझा होता, आता मी तो बदलला आहे.” यापुढे ‘पण’ जोडू नका आणि तिच्याकडून उत्तराची अपेक्षाही ठेवू नका. तो शब्द आजी व भावासमोर उच्चारला गेला होता, म्हणून नंतर त्या दोघांसमोरही हे एकदा, थोडक्यात म्हणा. आणि तिच्या खोलीत कचऱ्याची एक छोटी टोपली ठेवा; ती रिकामी करताना वेष्टने मोजू नका.